बागेचं उत्पन्न, मनगटावरचा खर्च: घड्याळांच्या एका छंदाचं प्रकरण

पार्श्वभूमी

रत्नागिरी तालुक्यातलं खाडीकाठचं एक गाव. घरची दीडशे हापूसची कलमं, थोडी काजू, नवरा-बायको, दोन मुलं आणि नवऱ्याची आई. नवऱ्याचं वय ४५. वाडीत सगळे त्यांना दादा म्हणतात, म्हणून इथेही तेच म्हणतो. ओळख पटेल असे बाकीचे तपशील बदलले आहेत. बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी कर्जात अडकलेल्या कुटुंबांना हिशेब लावून देतो. २०२३ च्या सप्टेंबरात दादांच्या पत्नी, म्हणजे वहिनी, गावच्या सहकारी सोसायटीची थकबाकीची नोटीस घेऊन आल्या. नोटीस पीककर्जाची होती. घड्याळांचा विषय तासाभराने निघाला, तोही उठता उठता.

सुरुवात मामांच्या घड्याळापासून झाली. मामा कुवेतला नोकरीला होते. १९९० च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेतवर हल्ला केला, तेव्हा हजारो भारतीयांबरोबर तेही परतले. सोबत फारसं काही आणता आलं नाही. मनगटावर सीको फाईव्ह होतं ते राहिलं. आखातातून आलेली अशी घड्याळं कोकणात गावोगावी सापडतील. सीकोने ही मालिका १९६३ मध्ये काढली: हाताच्या हालचालीवर आपोआप चावी बसणारी, वार-तारीख एकाच खिडकीत दाखवणारी, पाण्याला दाद न देणारी, आणि चावी तीनऐवजी चार वाजण्याच्या जागी दडवलेली. आखातात विकलेल्या बऱ्याच घड्याळांत वार अरबीतही असत. मामांच्या घड्याळात इंग्रजी वाराचा भाग झिजून अर्धवट झाला होता, म्हणून ते कायम अरबी वारावर ठेवलेलं. २०१६ मध्ये मामा गेले आणि मामींनी ते दादांना दिलं.

ते बंद होतं. दादांनी रत्नागिरीच्या राम आळीत एका जुन्या घड्याळजीकडे नेलं. पाठचं झाकण उघडलं तर पाणी अडवणारं आतलं रबर डांबरासारखं वितळून मशीनच्या कडेला चिकटलेलं, चावीच्या दांडीवर गंजाचा तपकिरी थर, पण मशीन धड. घड्याळजीने सगळं सुटं केलं, पेट्रोलमध्ये धुतलं, तेल घातलं, नवं रबर बसवलं आणि चार दिवसांनी ते हातात दिलं. हलवल्यावर सेकंदाचा काटा निघाला. दादा सांगतात, त्या क्षणापासून आपण 'गेलो'. हे ते हसत सांगतात, वहिनी हसत नाहीत.

छंद कुठे वळला

पहिली तीन वर्षं एचएमटीची. त्याच सुमाराला, २०१६ च्या जानेवारीत, एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करायला केंद्र सरकारने मंजुरी दिली होती. जपानच्या सिटिझनच्या साहाय्याने १९६१ मध्ये बेंगळुरूला सुरू झालेला तो कारखाना. ज्या घरात एके काळी लग्नात जावयाला एचएमटी देत, त्या घरांत ती घड्याळं ड्रॉवरच्या तळाशी पडलेली होती. दादांनी पाहुण्यांकडून, भंगारवाल्याकडून, घड्याळजीकडून ती गोळा केली. जनता, पायलट, सोना, कोहिनूर. १७ ज्वेलचं (झीज टाळायला बसवलेले बारीक खडे), रोज सकाळी चावी द्यायचं मशीन. देवनागरी आकड्यांची जनता मिळाली तेव्हा त्यांनी शाळेतल्या मित्रांना घरी जेवायला बोलावलं होतं. दोन-अडीच हजारांच्या पुढे एकही घड्याळ नाही. त्या वेळी कुणी मला विचारलं असतं, तर मी यात वावगं काही नाही असंच म्हटलं असतं, आणि अजूनही म्हणेन.

२०२० मध्ये टाळेबंदी आली. वाशीच्या बाजारावर निर्बंध आले, दादांनी थेट मुंबईच्या गिऱ्हाइकांना पेट्या पोहोचवल्या आणि दलालाच्या पट्टीपेक्षा, म्हणजे तो माल विकून हातात देतो त्या रकमेपेक्षा, चांगला भाव मिळाला. हातात रोख, आणि जून लागल्यावर करायला काही नाही. एचएमटीत आता नवीन काही उरलं नव्हतं. मोबाईलवर स्विस घड्याळांचे फोटो येऊ लागले. फेवर-ल्युबा आली, ही कंपनी १८६५ पासून मुंबईत व्यापार करत होती आणि आपल्याकडे कित्येक वकील-डॉक्टरांच्या मनगटावर दिसायची. त्यामागोमाग १९६० च्या दशकातलं एक ओमेगा सीमास्टर, ८५ हजारांना. पैसे दोन हप्त्यांत, घरी सांगितलेली किंमत १२ हजार.

ओमेगा आल्यावर दादा आठवडाभर डायलकडे भिंगातून बघत बसले. तारखेच्या खिडकीच्या कडेला रंगाचा किंचित जाड ओठ आला होता. मिनिटांच्या रेघा तासांच्या खुणांशी नीट जुळत नव्हत्या. सहाच्या खाली 'स्विस मेड' ही बारीक अक्षरं असायला हवीत, ती नव्हतीच. डायल पुन्हा रंगवलेलं होतं. जुन्या घड्याळांचं डायल खरवडून नव्याने रंगवायचा धंदा मुंबईत इतका फोफावला की परदेशातले संग्राहकही अशा घड्याळांना मुंबईच्या नावाने ओळखतात.

फसलेला माणूस पुढच्या वेळी हात आखडता घेतो, असं आपण धरून चालतो. दादांनी अभ्यास केला. कोणत्या वर्षी कोणतं मशीन, कोणत्या डायलवर कोणती अक्षरं, कोणत्या चावीवर कोणतं चिन्ह. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत. जितकं कळत गेलं तितकी आपल्याकडे नसलेल्या घड्याळांची यादी लांबत गेली, आणि प्रत्येक खरेदीला आता कारण होतं: हे ओरिजिनल आहे, हे भावात वाढणार आहे, ही गुंतवणूक आहे. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं आणि तयार झालेला आंबा झाडाखाली पडला. त्या जूनमध्येही दोन घड्याळं कुरिअरने आली.

प्रश्न नेमका काय होता

सप्टेंबर २०२३ मध्ये घरावरचं देणं असं होतं: सोसायटीचं थकलेलं पीककर्ज १ लाख ८० हजार, वहिनींच्या पाटल्यांवरचं सोनेतारण १ लाख ४० हजार, क्रेडिट कार्डाचे ९५ हजार. पीककर्ज वेळेत फेडलं तर व्याजाची सवलत मिळते. थकलं की ती जाते. कार्डावर महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला चाळीसच्या वर, आणि दादा दर महिन्याला किमान रक्कम भरून 'कार्ड चालू आहे' असं म्हणत होते. कपाटात ६७ घड्याळं. त्यांवर घातलेले पैसे, दादांच्याच आठवणीप्रमाणे, सव्वासहा लाखांच्या आसपास.

पाटल्या तारण ठेवल्या त्या वर्षी कल्टार (मोहोर यावा म्हणून झाडाच्या मुळाशी घालायचं औषध) आणि मोहोराच्या दोन फवारण्या चुकल्या होत्या. वहिनींच्या तोंडचं वाक्य तसंच देतो: "आंबा झाडावर राहिला नाय, नि पैसा मनगटावर गेला."

समोरचे पर्याय

मुंबईहून आलेल्या धाकट्या भावाचं म्हणणं सरळ होतं, सगळं एका झटक्यात विकायचं. त्याने एक व्यापारी गाठलाही. व्यापाऱ्याने ६७ घड्याळांचे मिळून दीड लाख सांगितले. दादांचं म्हणणं, काहीच विकायचं नाही, पाच वर्षांत भाव दुप्पट होतील. वहिनींना कपाटाची किल्ली आणि मोबाईलचा पासवर्ड हवा होता.

चौथा पर्याय मानसोपचारतज्ज्ञाचा. खरेदीची अनावर ओढ हा प्रकार डॉक्टरांना नवा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात आवेग आवरता न येण्याच्या विकारांमध्ये त्याचा उल्लेख आहे. पण रत्नागिरीत मानसोपचार म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढे मनोरुग्णालयाची ब्रिटिश काळातली जुनी इमारत येते. दादा उठून पडवीत गेले. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक मी वहिनींना लिहून दिला. मराठीत बोलता येतं, नाव सांगावं लागत नाही. दादांनी फोन केला की नाही ते मी विचारलं नाही.

भावाचा पर्याय हिशेबाला वाईट होताच, शिवाय त्यात दादांचा काही हातच नव्हता. सक्तीने रिकामं केलेलं कपाट पुन्हा भरायला वेळ लागत नाही. दादांच्या 'गुंतवणुकी'ला उत्तर द्यायला मात्र मला आकडा हवा होता, उपदेश चालला नसता.

काय केलं

आधी वही केली. प्रत्येक घड्याळाला एक ओळ: कधी घेतलं, कितीला, शेवटची सर्व्हिसिंग कधी, आज चालतंय का. तीन संध्याकाळी ओसरीवर बसून दादा सांगत होते आणि त्यांची नववीतली मुलगी लिहीत होती. २३ घड्याळं बंद निघाली. नऊ डायल रंगवलेली. सोनाची एकसारखी दोन, ज्यांतलं दुसरं घेतल्याचं दादांना आठवतच नव्हतं. कोकणातल्या हवेने आपलं काम चोख केलं होतं: पायलटच्या काळ्या डायलवर बुरशीचे पांढरे ठिपके, एका सिटिझनच्या काट्यांवरचं रेडियम हिरवट होऊन सुटलेलं, चामडी पट्टे कडक होऊन मोडलेले. झाकणावर ३० मीटर लिहिलेलं घड्याळ हात धुताना चालतं, ओहोळात उतरायला नाही; आणि रबर म्हातारं झालं की तेवढंही नाही. अडीच-तीन हजार मिलिमीटर पावसाच्या गावात लाकडी कपाटात ठेवलेलं घड्याळ बंद पडलं तरी आतून जुनं होतच राहतं.

मग सर्व्हिसिंगचा हिशेब मांडला. यांत्रिक घड्याळातलं तेल सुकतं, चार-पाच वर्षांनी ते साफ करून घ्यावं लागतं. एचएमटीला कमी, ऑटोमॅटिकला जास्त, स्विसला त्याहून जास्त. सरासरी १२०० धरली तर ६७ घड्याळांचे पाच वर्षांत ८० हजार. वर्षाला १६ हजार, म्हणजे साधारण एक फवारणी. आणि हे सगळे भाग मिळाले तर. दादा गप्प झाले. आपण मालमत्ता जमवली असं ते समजत होते. वहीत ती दरवर्षी खायला मागणारी निघाली.

पण वहीतली खरी गोष्ट मला चौथ्या संध्याकाळी, घरी एकटा बसून तारखा लावताना दिसली. मी धरून चाललो होतो की खरेदी मे महिन्यात, पट्टीचे पैसे येतात तेव्हा होत असणार. तसं नव्हतं. २०२० नंतरची बहुतेक घड्याळं जून ते सप्टेंबर या काळातली होती. पाऊस, वीज गेलेली, बागेत गवत काढण्यापलीकडे काम नाही, मासेमारी बंद, गावातले लोकही घरात. बरीच घड्याळं आधीचं पोहोचल्यावर आठ दिवसांच्या आत मागवलेली. म्हणजे येणाऱ्या घड्याळाची वाट बघण्यातच पावसाळा जात होता. घड्याळ हाती आलं की ती वाट संपायची आणि दुसरं मागवायला लागायचं. पैसे अडवून हे थांबलं नसतं. कार्ड होतं, सोनं होतं, उसने होते.

यावरून ठरलेला नियम वहिनींच्या भाषेत असा: मिरगापासून दिवाळीपर्यंत खरेदी बंद. बाकीच्या काळात एक आलं तर एक जाईल. कपाटात ठेवायची संख्या १८.

विक्री व्यापाऱ्याला न देता एकेक करून केली. वेळ लागला, सव्वा वर्ष. आधी अस्सल स्विस घड्याळं काढली, कारण त्यांना लगेच गिऱ्हाईक होतं. रंगवलेल्या डायलच्या घड्याळांवरून घरात वाद झाला. भावाचं मत, आपण जसे घेतले तसे पुढे सरकवावे. दादा म्हणाले, "माझ्या हातून नाही होणार." आठ घड्याळं घड्याळजीला सुट्या भागांच्या भावाने गेली. ओमेगा डायल रंगवलेलं आहे असं स्पष्ट सांगून ३० हजारांना विकलं. मशीन खरं होतं, म्हणून तेवढे तरी आले.

पहिल्या खेपेला दीड लाख हातात आले तेव्हा निर्णयाची जागा आली. व्याजाच्या हिशेबाने आधी कार्ड फेडायला हवं, यात शंका नाही. पण गौरी-गणपतीत वहिनी रिकाम्या हातांनी वावरल्या होत्या, आणि सासूबाईंना अजून कुणी काही सांगितलेलं नव्हतं. आम्ही पाटल्या सोडवल्या. कार्डाची बाकी बँकेला अर्ज करून कमी व्याजाच्या मासिक हप्त्यांत बदलून घेतली, त्यामुळे उशिराची किंमत बरीच कमी झाली. कागदावर मी दुसरं काही सुचवलं असतं. त्या घरात बसून हेच बरोबर होतं.

पावसाळ्याचं काय, हा प्रश्न राहिला होता. दादांनी स्वतःच घड्याळजीला विचारलं आणि २०२४ च्या पावसाळ्यात आठवड्यातून दोन दिवस त्याच्या टेबलाशी बसायला लागले. घड्याळजी सत्तरीचा, त्याची मुलं पुण्याला, दुकानाला वारस नाही. मी मनात म्हटलं, सुटला प्रश्न. इतकं सोपं कुठे असतं! कुदळ-कोयत्याने जाड झालेली बोटं आणि पंचेचाळिशीचे डोळे. दोन घड्याळांच्या बॅलन्सची, म्हणजे टिकटिक चालवणाऱ्या चाकाची, दांडी त्यांच्या हातून मोडली. मग घड्याळजीने त्यांना रबर बदलणं, काच बसवणं, पट्टे आणि सेल एवढंच दिलं. त्यातही ते रमले. पण लोक घरातली जुनी घड्याळं विकायला शेवटी त्याच दुकानात येतात. ऑगस्टमध्ये एक बाई नवऱ्याचं फेवर-ल्युबा घेऊन आल्या. डायल अस्पर्श, मागे कोरलेली नावाची अक्षरं. दादांनी घेतलं, साडेनऊ हजारांना, मिरगाचा नियम मोडून.

निष्पत्ती

४९ घड्याळांचे मिळून दोन लाख ९० हजार आले. पाटल्या घरात आहेत. कार्डाचे हप्ते संपले. सोसायटीचं कर्ज उरलेल्या विक्रीतून आणि २०२४ च्या हंगामाच्या पैशातून फिटलं. त्या वर्षीची फवारणी वेळेवर झाली होती. मूळ खर्चातला मोठा भाग मात्र गेला तो गेला.

ऑगस्टमधली खरेदी दादांनी लपवली नाही, हा मला सगळ्यांत मोठा फरक वाटतो. त्याच रात्री वहीत ओळ लिहिली गेली, खरी किंमत घालून. वहिनी दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी १८ मधलं कुठलं जाणार ते विचारलं. दादांनी जवळची एक सिटिझन भाच्याला दिली. विकली नाही म्हणून ही पळवाट आहे असं धाकट्या भावाचं म्हणणं. असेलही.

मामांचं सीको मोजणीत धरायचं की नाही यावर अजून एकमत नाही.

काय वेगळं करता आलं असतं

ओमेगाची किंमत घरी १२ हजार सांगितली गेली, तिथे खरं तर प्रकरण हाताबाहेर गेलं. त्याआधीची ४० एचएमटी कुणालाच खटकली नाहीत, आणि खटकायलाही नको होती. दादा त्यातलं प्रत्येक घड्याळ सगळ्यांना दाखवत होते. दाखवणं थांबलं तो महिना वहिनींना आजही नेमका सांगता येतो. तेव्हाच विचारलं असतं तर पाटल्यांपर्यंत गोष्ट गेली नसती. घरातला माणूस खरेदीची रक्कम लपवू लागला तर वस्तू घड्याळ आहे की बैल हे बघत बसू नये.

बागायतदाराचं उत्पन्न वर्षातून एकदा येतं, म्हणून हंगाम संपताच पुढच्या कल्टार-फवारणीचे, खतांचे आणि सोसायटीचे पैसे वेगळ्या खात्यात टाकणं ही साधी गोष्ट इथे सात वर्षांत एकदाही झाली नव्हती. आता ते खातं दोघांच्या नावावर आहे.

घड्याळजीच्या दुकानाचा उपाय अर्धा होता. हाताला काम मिळालं, पण मोहाच्या दारातच. त्यापेक्षा पंचक्रोशीतल्या शाळांची, देवळांची बंद पडलेली भिंतीवरची घड्याळं दुरुस्त करायचं दादांनी या वर्षी काढलं आहे. ती कुणी विकत नाही. किती दिवस टिकतं बघायचं.

क्रेडिट कार्डाची मर्यादा बँकेने मधल्या काळात दोनदा वाढवून दिली होती, दादांनी न मागता. ती खाली आणण्याचा अर्ज दुसऱ्याच दिवशी करायला हवा होता; तो कार्डाचे हप्ते संपल्यावर केला गेला. अशा घरात वहीच्याही आधी हा अर्ज लिहावा.